जुनी छोटी गाडी घेताना

प्रश्न : आठ-नऊ वर्षं जुनी, सीएनजी किट लावलेली वॅगन-आर पाहिली आहे. मेकॅनिक सोबत नेणारच आहोत, पण आपण स्वतः काय तपासावं?

उत्तर : गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. मालकाला आधी सांगा, ‘चालू करून ठेवू नका.’ बॉनेटला हात लावून गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी या. आधी पेट्रोलवर सुरू करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, खर्च मोठा. ऑइल कॅपच्या आत दुधाळ थर असेल, तर कूलंट ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग सीएनजीवर चढावर चालवून बघा.

सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर ३ वर्षांनी लागते. तिचं प्रमाणपत्र मागा. किटची नोंद आरसीवर नसेल, तर अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी अडवू शकते. स्वस्तात मिळते म्हणून इथे डोळेझाक नको.

मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. पेडलचं रबर, स्टीअरिंग आणि सर्व्हिसच्या नोंदी ताडून बघा. टायरवर ‘२३१९’ असेल, तर तो २०१९च्या २३व्या आठवड्यातला. बॉनेट आणि दारांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल, तर ते भाग कधीतरी उघडलेत.

कागदांत चॅसी नंबर जुळवा, थकीत ई-चलान पाहा. कर्ज फिटलं असलं, तरी आरसीवरचा बोजा (कर्जाची नोंद) फॉर्म ३५ देऊन उतरवावा लागतो. तो उतरेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०.