वाचकांचे प्रश्न : मेलॅनोमाच्या रिपोर्टमधलं ‘पॉझिटिव्ह’

प्रश्न : आईच्या (वय ६२) टाचेवर काळा डाग होता. कुरूप समजून बरेच दिवस मलम लावलं. तुकडा तपासला तर मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) निघाला. रिपोर्टमध्ये जाडी २.३ मिमी, वर व्रण (त्वचा फुटून झालेली जखम), आणि खाली एस-१००, सॉक्स-१०, मेलन-ए, पीआरएएमई पॉझिटिव्ह, एचएमबी-४५ तुरळक पॉझिटिव्ह असं लिहिलंय. एवढं सगळं पॉझिटिव्ह म्हणजे आजार पसरलाय का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. इथल्या ‘पॉझिटिव्ह’चा पसरण्याशी संबंध नाही. एस-१०० वगैरे ही पेशींतली प्रथिनं, म्हणजे प्रतिजनं; अँटिबॉडी लावून ती रंगाने दाखवतात. गाठीतल्या पेशी कोणत्या घराण्यातल्या आहेत, एवढंच या चाचण्या सांगतात.

एस-१०० जवळजवळ प्रत्येक मेलॅनोमात सापडतं, पण नसेच्या आणि चरबीच्या गाठीतही सापडतं. सॉक्स-१० पेशीच्या केंद्रकात उमटतं आणि जास्त नेमकं असतं. मेलन-ए आणि एचएमबी-४५ या खुणा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या, म्हणून त्या दिसल्या की पॅथॉलॉजिस्टची खात्री वाढते. मात्र त्या नसल्या म्हणून मेलॅनोमा नाही, असं कोणी म्हणू नये. मेलॅनोमाच्या डेस्मोप्लास्टिक (तंतुमय) प्रकारात या दोन्ही बहुधा निगेटिव्ह येतात आणि निदान एस-१०० व सॉक्स-१० वरच उभं राहतं.

‘तुरळक’ हा शब्द वाचून आजार सौम्य आहे असंही समजू नका. साध्या तिळात एचएमबी-४५ वरच्या थरात दिसतं आणि खोल जाता जाता विरत जातं. मेलॅनोमात ते वरपासून तळापर्यंत कुठेही, ठिपक्याठिपक्यांनी दिसू शकतं. पाहायचं असतं ते हे वाटप. पीआरएएमई ७५ टक्क्यांहून जास्त केंद्रकांत असेल तर पारडं मेलॅनोमाकडे झुकतं; साधे तीळ बहुतेक निगेटिव्ह असतात. अपवाद दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे एकट्या पीआरएएमईवर निदान करत नाहीत.

पुढे काय होईल याचा अंदाज तुम्ही ओलांडून गेलात त्या ओळीत आहे : २.३ मिमी आणि व्रण. २ ते ४ मिमी जाडी अधिक व्रण म्हणजे टी-३बी (जाडी आणि व्रणावरून ठरणारी पायरी). गाठीने काही प्रतिजनं गमावली तर शरीराच्या टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पेशींना) ती ओळखणं अवघड जातं, हे खरं आहे आणि त्यावर संशोधनही भरपूर झालं आहे. पण आज शस्त्रक्रिया किती मोठी करायची हे मिलिमीटर ठरवतात, प्रतिजनं नव्हे. या जाडीला कडेने साधारण २ सेंमी निरोगी त्वचा काढतात आणि जांघेतली सेंटिनेल गाठ (टाचेकडून येणारी लसीका आधी जिथे पोहोचते ती लसीकागाठ) तपासतात. दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं, असा आमचा आग्रह आहे. टाचेची जागा आधी मोठी कापली की लसीकेची वाट बदलते आणि मग नेमकी गाठ सापडत नाही. आणखी एक : तुकडा पंचने (छोट्या गोल पात्याने) घेतला असेल तर सगळ्यात जाड भाग त्यातून सुटलेला असू शकतो. पूर्ण गाठ काढल्यावर येणारी जाडी अंतिम धरा.

प्रश्न : तळपायाच्या काळ्या गाठीत तपकिरी रंग नेमका कशाचा, मेलॅनिनचा की अँटिबॉडीचा, ते कळत नाही. काय करावं? – लॅब टेक्निशियन, सातपूर

उत्तर : डीएबी हे तपकिरी क्रोमोजेन (अँटिबॉडीची जागा रंगाने दाखवणारं रसायन) सोडा, लाल क्रोमोजेन घ्या. एईसी हे लाल क्रोमोजेन वापरत असाल तर स्लाइड अल्कोहोलमधून नेऊ नका, रंग विरघळतो. पाण्यात मिसळणाऱ्या माध्यमाने माउंट करा. डीएबीच हाताशी असेल तर केंद्रकं निळी करणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनऐवजी गिम्सा हा रंग लावा, म्हणजे मेलॅनिन हिरवट दिसतं आणि डीएबी तपकिरीच राहतं. प्राथमिक अँटिबॉडी न घातलेली एक स्लाइड सोबत ठेवाच. तिच्यावर जे तपकिरी दिसेल ते मेलॅनिन. सॉक्स-१० आणि पीआरएएमई केंद्रकात उमटतात, तेव्हा हिमॅटॉक्सिलिन गडद झालं तर फिका सिग्नल त्याखाली दडतो.

कंट्रोलचा (चाचणी नीट चालली हे दाखवणाऱ्या, हमखास पॉझिटिव्ह येणाऱ्या ऊतीचा) घोळ इथेच जास्त होतो. एस-१०० आणि सॉक्स-१० साठी त्याच तुकड्यातली नस चालते. मेलन-ए साठी शेजारच्या त्वचेतल्या तळथरातल्या मेलॅनोसाइट पाहा. पीआरएएमईला इतर त्वचेतल्या तेलग्रंथी उपयोगी पडतात, पण तळपायाला तेलग्रंथीच नसतात. तिथे वृषणाच्या ऊतीचा वेगळा कंट्रोल लावल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहू नका. जाड केराटिनमुळे सेक्शन सुटतो, दुमडतो, आणि घडीखाली रंग साचून खोटं पॉझिटिव्ह दिसतं. चार्ज्ड (सेक्शन घट्ट धरणारी) स्लाइड घ्या आणि ती नीट वाळवल्यावरच रिट्रीव्हलला (प्रतिजन उघडं करण्याच्या पायरीला) लावा.

प्रश्न : दुसऱ्या मतासाठी मुंबईला काय न्यायचं? – नाशिकरोड

उत्तर : पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा), सगळ्या स्लाइड आणि मूळ रिपोर्ट. नुसता रिपोर्टचा फोटो घेऊन गेलात तर फेरी वाया जाईल. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी लॅबमध्येच जुळवून घ्या आणि ब्लॉक परत मिळण्याची पावती सांभाळा. पॅराफिन साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. एप्रिलच्या उन्हात कसारा घाट उतरताना गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : हे प्रतिजन रक्तात तपासता येतं का? – सिन्नर

उत्तर : निदानासाठी नाही. आजार दूर पसरलेला असेल तर एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) पाहतात, कारण चौथ्या टप्प्याच्या वर्गीकरणात त्याला स्थान आहे. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तरी एलडीएच चढतं, तेव्हा एकच वाढलेला आकडा पाहून घाबरू नका. ताज्या नमुन्यावर पुन्हा करून घ्या.