जकार्तातले दोन दिवस वाया का गेले?

प्रश्न : बालीला जाताना आम्ही दोघं जकार्तात दोन रात्री राहिलो. रविवारी रात्री पोचलो, स्वस्त पडतं म्हणून विमानतळाजवळचं हॉटेल घेतलं. सोमवारी टॅक्सी करून निघालो तर म्युझियमं बंद. संध्याकाळी परत येताना साडेतीन तास रस्त्यातच गेले. एक मॉल सोडला तर काही पाहिलं नाही. आता बहीण आणि मेहुणे जायचं म्हणतायत. त्यांना जकार्ता टाळा म्हणून सांगू का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : टाळायला सांगू नका, वार बदलायला सांगा. सोमवारी तिथली बहुतेक सरकारी म्युझियमं बंद असतात, मोनास या राष्ट्रीय स्मारकाचा 132 मीटर उंच मनोराही बंद. त्यामुळे दोनच दिवस असतील तर शनिवार-रविवार धरावा. रविवारी सकाळी 6 ते 10 सुदिरमान-थामरिन हा मुख्य रस्ता गाड्यांना बंद असतो आणि सगळं शहर तिथे पायी नाहीतर सायकलवर फिरत असतं.

दुसरी चूक हॉटेलची. विमानतळ शहराबाहेर, पश्चिमेला तांगरांगला आहे. जकार्ता आणि भोवतालची बोगोर, देपोक, तांगरांग, बकासी ही गावं मिळून वस्ती तीन कोटींवर जाते, आणि रोज त्यातली लाखो माणसं कामाला शहरात येऊन संध्याकाळी परत फिरतात. तुम्ही नेमके त्यांच्याबरोबर बाहेर निघालात. शिवाय सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते 10 आणि दुपारी 4 ते रात्री 9 मोठ्या रस्त्यांवर सम-विषम नंबरचा नियम असतो. टॅक्सीला त्यातून सूट आहे, पण ॲपवरून बोलावलेली खाजगी गाडी असेल आणि नंबर त्या तारखेचा नसेल, तर ड्रायव्हर गल्लीबोळांतून नेतो. सहा वाजता मांडवीतून गाडी काढायची म्हटली की जे होतं, ते तिथे वीस-पंचवीस किलोमीटर चालतं.

म्हणून गाडीच करू नये. हॉटेल दुकू आतास किंवा बुंदरान एचआय या मेट्रो स्टेशनांजवळ घ्यावं. विमानतळावर टर्मिनलवरून मोफत गाडीने रेल्वे स्टेशनला जायचं आणि तिथून बीएनआय सिटीपर्यंत ट्रेन, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. बीएनआय सिटीहून दुकू आतास मेट्रो चालत पाच-सात मिनिटांवर. पुढे दोन दिवस एकच उत्तर-दक्षिण रेघ धरायची. दक्षिणेला ब्लोक एमपर्यंत मेट्रो आहे (2019 पासून). उत्तरेला कोटापर्यंतच्या, म्हणजे जुन्या शहरापर्यंतच्या मेट्रोचं काम अजून चालू आहे, तिकडे ट्रान्सजकार्ताची 1 नंबरची बस. तिला स्वतःची वेगळी लेन आहे आणि तिकीट 3,500 रुपिया, म्हणजे आपले जेमतेम वीस रुपये. मात्र बस स्टेशनवर रोख चालत नाही. इंडोमारेत किंवा अल्फामार्त दुकानातून ई-मनी, फ्लाझ यांपैकी कुठलंही कार्ड घेऊन त्यात पैसे भरावे. माणशी एक कार्ड. दोघांत एकच घेतलं की दुसरा गेटवर अडकतो.

पहिल्या दिवशी सकाळी कोटा. डचांच्या बटाव्हियाचा (जकार्ताचं तेव्हाचं नाव) टाउन हॉल (1710), समोरचा दगडी चौक, तिथून दोनेक किलोमीटरवर सुंदा केलापा बंदर. तिथे मोठी लाकडी जहाजं धक्क्याला लागलेली दिसतात. ऊन चढायच्या आत परत फिरावं.

दुसरा दिवस नॅशनल म्युझियमला द्यावा. दारात ब्राँझचा हत्ती दिसतो, 1871 साली सयामच्या राजाने दिलेला. आपल्या लोकांनी इथे घाई करू नये. कमाटीबागेतलं म्युझियम ज्यांनी आवडीने पाहिलंय, त्यांना हे सोडवणार नाही. इथल्या संग्रहात तुगूचा शिलालेख आहे, जकार्ताच्याच उत्तर भागात सापडलेला. अंड्याच्या आकाराचा काळा दगड, त्यावर गोल फिरत गेलेल्या संस्कृतच्या पाच ओळी, लिपी पल्लव. लेख पाचव्या शतकातल्या इथल्या राजा पूर्णवर्मनचा. त्यात चंद्रभागा नदी खोदल्याचं आणि 6,122 धनुष्य लांबीची गोमती 21 दिवसांत खोदून ब्राह्मणांना हजार गाई दिल्याचं लिहिलंय. पंढरपूरपासून इतक्या लांब दगडावर कोरलेली चंद्रभागा! एवढ्या एका दगडासाठी जकार्तात थांबावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. काय खावं?

उत्तर : गाडो-गाडो मागवावं. उकडलेल्या भाज्या, तोफू, तेंपे आणि वर दाण्याची घट्ट चटणी. तेंपे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनला बुरशीचं विरजण लावून दोनेक दिवसांत धरलेली वडी. कापली की आतले पांढऱ्या जाळीत घट्ट बसलेले दाणे दिसतात. गोची होते ती तेरासीमुळे. ही सुकटीची आंबवलेली चटणी सांबाल या मिरचीच्या चटणीत, दाण्याच्या चटणीत, फोडणीच्या भातात, कुठेही असते आणि दिसत नाही. वर अंडं आणि कोळंबीचा पापडही येतो. म्हणून ऑर्डर देतानाच म्हणायचं, ‘तान्पा तेरासी, तान्पा तलूर, तान्पा करुपुक’. तान्पा म्हणजे ‘विना’. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर मांस टळतं, तेरासी टळत नाही. तळणीचं तेल वेगळं असेल असं धरू नका. ते चालणारच नसेल तर लीलो चेवडो आणि खाकरे सोबत असू द्यावेत.

प्रश्न : कुठला महिना बरा?

उत्तर : जून ते सप्टेंबर. जानेवारी-फेब्रुवारीत पावसाने रस्ते तुंबतात. ईदच्या आठवड्यात लोक गावी जातात, रस्ते मोकळे होतात, पण बरीच दुकानं आणि खानावळी बंद असतात.