वाचकांचे प्रश्न : संरक्षणाचा खर्च आणि घोडबंदरचे खड्डे

संरक्षण आणि परकीय धोके या विषयावर ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी तिघांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले गेले. ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये आपल्या सैन्याने आपली ताकद दाखवून दिली. मग आपल्यासारखे लेखक आणखी वाढ कशासाठी मागतात? घोडबंदर रस्त्यावर रोज तासन्‌तास अडकणाऱ्या माणसाला हा पैसा रस्त्यांवर आणि रुग्णालयांवर खर्च व्हावा असे वाटले, तर तो देशद्रोही ठरतो का?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : मुळीच ठरत नाही. मी उजव्या विचारांचा आहे हे या स्तंभाच्या वाचकांना ठाऊक आहे. पण सरकारी तिजोरीतून जाणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागणे हा त्याच विचाराचा भाग आहे आणि त्यातून संरक्षण मंत्रालयाला सूट नाही. मात्र आपण घातलेली सांगड मला पटत नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय आहे, शहरातले रस्ते राज्याच्या यंत्रणांकडे आणि महापालिकेकडे आहेत, तर देशाचे संरक्षण ही एकट्या केंद्राची जबाबदारी आहे. एखाद्या पाणबुडीची खरेदी रद्द झाली म्हणून घोडबंदरचे खड्डे बुजणार नाहीत. ते न बुजण्याची कारणे पैशापेक्षा वेगळी आहेत आणि ती आपण माझ्याहून अधिक जाणता.

६.८१ लाख कोटींचा आकडा ऐकायला मोठा आहे, पण तो फोडून पाहिला तर चित्र बदलते. त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. पगार, इंधन, दारूगोळा आणि दैनंदिन चलनवलन यांसाठी सुमारे ३.१२ लाख कोटी जातात आणि नवी विमाने, जहाजे, तोफा, बांधकामे अशा भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी उरतात. म्हणजे शंभरातले साधारण सव्वीस रुपये. एकूण तरतूद राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १.९ टक्के भरते. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने ती तीन टक्क्यांच्या आसपास असावी, अशी शिफारस केलेली आहे. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये चीनने ३१४ अब्ज डॉलर सैन्यावर खर्च केले, तर भारताने ८६ अब्ज. पाकिस्तानचा खर्च दहा अब्जांच्या घरात असला तरी, त्याच संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे, २०२० ते २०२४ या काळात त्याने आयात केलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के चीनकडून आली. त्यामुळे या दोघांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडण्याचे दिवस संपले आहेत.

आता ‘आणखी वाढ कशासाठी’ या मूळ प्रश्नाकडे येतो. शेजाऱ्याच्या मनात काय आहे यावरून आपली तयारी ठरवायची नसते. त्याच्या हातात काय आहे यावरून ठरवायची असते. मन एका रात्रीत पालटते, हातातले शस्त्र तयार व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान बसने लाहोरला गेले आणि मे महिन्यात कारगिलची शिखरे घुसखोरांच्या ताब्यात असल्याचे उघड झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मामल्लपुरमच्या समुद्रकिनारी चीनचे अध्यक्ष आपले पाहुणे होते. पुढच्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. १९६२ चा अनुभवही याच जातीचा आहे. त्याआधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारा संरक्षण खर्च पराभवानंतर चार टक्क्यांजवळ न्यावा लागला. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे आपण यशवंतराव चव्हाणांविषयी अभिमानाने म्हणतो, पण त्यांना धावावे लागले ते आधीच्या वर्षांत पैसे आणि लक्ष दोन्ही न दिल्यामुळे, हे सांगायचे राहून जाते.

तयारीला किती काळ लागतो याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथला आहे. तेथे डीआरडीओ या केंद्राच्या संरक्षण संशोधन संस्थेची एनएमआरएल ही नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा आहे. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या भारित करण्यासाठी ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते आणि नेमकी त्याच वेळी ती शत्रूला सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. बाहेरच्या हवेशिवाय वीज निर्माण करणारी यंत्रणा, जिला ‘एआयपी’ म्हणतात, पाणबुडीला पुष्कळ अधिक काळ खोल पाण्यात दडून राहू देते. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी इंधनघटावर (फ्युएल सेलवर) चालणारी अशी यंत्रणा देशातच विकसित केली आणि मार्च २०२१ मध्ये तिचे जमिनीवरील प्रारूप यशस्वी झाले. परंतु माझगाव गोदीत बांधलेल्या सहा कलवरी वर्गाच्या पाणबुड्या, ज्यांचा करार २००५ मध्ये झाला, पहिली नौदलात आली २०१७ च्या डिसेंबरात आणि शेवटची जानेवारी २०२५ मध्ये, त्या या यंत्रणेविनाच दाखल झाल्या. ती त्यांच्यावर बसवण्यासाठी माझगाव गोदीशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये. पाकिस्तानच्या फ्रेंच बनावटीच्या आगोस्टा पाणबुड्यांवर अशी सोय आधीपासून आहे आणि चीनकडून त्याने मागवलेल्या आठ हँगोर पाणबुड्याही या यंत्रणेसह येत आहेत. आपल्याकडे बुद्धी होती, गोदी होती. सातत्याने मिळणारा पैसा आणि वेळेवर होणारा निर्णय हे दोन्ही कमी पडले.

म्हणूनच केवळ रक्कम वाढवा एवढे म्हणून थांबणाऱ्यांत मी नाही. हवाई दलाला मंजूर असलेल्या लढाऊ विमानांच्या तुकड्या (स्क्वाड्रन) बेचाळीस आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर प्रत्यक्षात एकोणतीस उरल्या. १२६ लढाऊ विमानांसाठी २००७ मध्ये निविदा निघाली, २०१२ मध्ये राफेलची निवड झाली आणि अखेर २०१६ च्या करारातून छत्तीस विमाने आली. यात सरकारे दोन्ही पक्षांची होती, तेव्हा दोष एका बाजूला ढकलण्याची सोय नाही. तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानांची पहिली मोठी मागणी २०२१ मध्ये नोंदवली गेली. पुरवठा मार्च २०२४ पासून सुरू व्हायचा होता, तो अमेरिकेहून येणाऱ्या इंजिनांच्या विलंबामुळेही रखडला. स्वतःचे इंजिन बनवण्याचा कावेरी प्रकल्प आपण १९८० च्या दशकात हाती घेतला होता, तरी तेजस आजही परक्या इंजिनावर उडते. उद्या वॉशिंग्टनशी बिनसले तर काय, हा प्रश्न मला बीजिंगच्या धमक्यांइतकाच गंभीर वाटतो. माझी मागणी एवढीच आहे, की भांडवली तरतूद दरवर्षी ठरलेल्या गतीने वाढावी, ती वर्षअखेरीस न खर्चता परत जाऊ नये आणि तिच्यातला मोठा वाटा देशी इंजिने, पाणबुड्या व क्षेपणास्त्रे यांच्या संशोधनाला बांधलेला असावा.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत बसवलेले सीसीटीव्ही कॅमेरे चिनी बनावटीचे आहेत. समितीतील एक काका ते तातडीने काढावेत असा आग्रह धरतात, तर तरुण सभासद त्यांना हसतात. मी संस्थेची सचिव आहे. मी काय सांगावे?
— एक वाचक, खारघर

उत्तर : काकांची चिंता हसण्यावारी नेऊ नये, पण त्यांची घाई मात्र थोडी आवरावी. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यानुसार तेथील प्रत्येक संस्थेने आणि नागरिकाने गुप्तचर कामात साहाय्य करणे बंधनकारक आहे, आणि इंटरनेटला जोडलेला कॅमेरा म्हणजे परक्याने लिहिलेली आज्ञावली चालवणारा लहानसा संगणकच असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये आत स्फोटके दडवलेले पेजर फुटले, तेव्हा पुरवठा साखळीत शिरलेला शत्रू काय करू शकतो ते जगाने पाहिले.

आपल्या परिसरातील दोन घटना मात्र वेगवेगळ्या समजून घ्या. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या संगणकीय हल्ल्याने न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. तो हल्ला मुळात युक्रेनवर होता आणि ब्रिटन व अमेरिकेने त्याची जबाबदारी रशियाच्या लष्करावर टाकली. आपल्याशी कोणाचे भांडण नसतानाही उरणला कंटेनर अडकले. दुसरी घटना १२ ऑक्टोबर २०२० ची. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे एका अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेने चिनी गटाने आपल्या वीजभार नियंत्रण केंद्रांच्या संगणकांत शिरकाव केल्याचे म्हटले आणि राज्य सरकारने घातपाताचा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र त्या दिवशीच्या बिघाडाला मानवी चूक कारण असल्याचे सांगितले. शिरकाव आणि तो बिघाड यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, आणि सिद्ध न झालेली गोष्ट सभेत ठोकून सांगणे माझ्या बाजूच्या लोकांनीही टाळावे.

संस्थेपुरते सांगायचे तर कॅमेऱ्यांचे मूळ पासवर्ड आजच बदला. रेकॉर्डिंग यंत्र संस्थेच्या कार्यालयातील वायफायपासून वेगळे ठेवा, आणि मोबाइलवरून दूरस्थ पाहण्याची सोय खरोखर लागत नसेल तर बंद करा. नवे कॅमेरे घ्याल तेव्हा केंद्र सरकारच्या ‘एसटीक्यूसी’ तपासणीचे प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२५ पासून त्यासंबंधीचे नियम लागू आहेत. चालू कॅमेरे उखडून सभासदांवर वर्गणीचा बोजा टाकण्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्न : पहलगामच्या हल्ल्यानंतर प्रत्येक तरुणाला सक्तीचे लष्करी शिक्षण द्यावे असे वाटते. आपले मत काय?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : सक्तीला माझा विरोध आहे. आपले सैन्य स्वेच्छेने भरती होणाऱ्यांचे आहे, तेच त्याचे बळ आहे, आणि कोट्यवधी नाराज तरुणांना गणवेश चढवण्यात लागणारा पैसा वर सांगितलेल्या सव्वीस रुपयांतूनच काढावा लागेल. आपली भावना मात्र मी समजू शकतो. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी गेलेल्या २६ जणांत डोंबिवलीचे तिघे आणि नवीन पनवेलचे एक गृहस्थ होते. ७ मे रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावात उरण पहिल्या श्रेणीत आणि ठाणे दुसऱ्या श्रेणीत होते. भोंगा वाजल्यावर नेमके काय करायचे, हे माझ्या इमारतीत तरी कोणालाही ठाऊक नव्हते. तेव्हा काही करायचेच असेल तर नागरी संरक्षण दलात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. त्यासाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शिक्षणाची अट केवळ चौथी उत्तीर्ण एवढीच आहे. प्रथमोपचार, अग्निशमन आणि ढिगाऱ्याखालून माणसे काढण्याचे शिक्षण तेथे मिळते, आणि त्यासाठी महाविद्यालय सोडावे लागत नाही.