स्वयंपाकघरातून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझं माहेर नाशिकचं, सासर मालवणकडचं. आजेसासूबाईंची १९५६ सालची वही हाती लागली. त्यात एका पानावर लिहिलंय : ‘तवशाचे धोंडस (केक). तांदळाचा रवा १ शेर, जून तवशी २, गूळ अडीच पाव, ओला नारळ १, हळद चिमटी, वेलदोडा, मीठ, तूप. पाणी नको. तळाला हळदीचे पान. वर-खाली विस्तव.’ एवढंच! तवसं म्हणजे काकडी, म्हणून मी बाजारातल्या हिरव्या काकड्या किसून पिळून घेतल्या, भिजवायला दूध घातलं, फुगावा म्हणून चमचाभर सोडा घातला आणि १८० अंशांवर अर्धा तास भाजलं. रवा दाताखाली कचकचला, मध्ये लालसर डाग पडले आणि चव कडवट लागली. शेर म्हणजे किती ग्रॅम? आणि काकडीऐवजी गाजर घातलं तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ते वाचताना आमच्या आत्याचं माजघर डोळ्यांपुढे आलं. पाऊस सरता सरता पिकून पिवळी-तपकिरी झालेली तवशी दोरीने बांधून वाशांना टांगलेली असत. त्यातलंच एखादं गणपतीच्या माटवीत, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीत जाई, बाकीची सवडीने खाली उतरत. धोंडसाचा बेत ठरला की आत्या तवसं हातात घेऊन आधी वजन अजमावायची आणि मग म्हणायची, “ह्याका पानी आसा.” सगळी कृती त्या एका वाक्यात आली.

तुमच्या वहीतलं ‘पाणी नको’ हे वाक्यही त्याच अर्थाने वाचा. काकडीत शंभरात पंचाण्णव भाग पाणीच असतं. रवा शिजवायचं काम त्या पाण्याचं. तुम्ही काकडी पिळलीत तेव्हा नेमकं तेच ओतून दिलंत. दूध घालून ते भरून निघत नाही. उलट गरम दुधात गूळ पडला तर दूध फाटण्याची धास्ती. आणि गाजरही नको. गाजराचा केक करा, छानच होतो, पण तो धोंडस नव्हे. तवशाचा तो ओला, गार वास गाजरात कुठून येणार?

आता शेर. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. पण मुंबईकडे त्याहून बराच लहान शेरही चालायचा. दशमान वजनं १९५८पासून आली, १९६२पासून सक्तीची झाली. वही त्याआधीची आहे, त्यामुळे आजेसासूबाईंचा शेर कोणता होता हे मी इथे बसून सांगणार नाही. सांगायची गरजही नाही. पाव म्हणजे त्याच शेराचा चौथा भाग. तेव्हा रवा आठ भाग तर गूळ पाच भाग, शेर कुठलाही असो. या प्रमाणावर विश्वास ठेवा.

सात इंची डब्यासाठी मी असं धरते : रवा २०० ग्रॅम, गूळ १२५ ग्रॅम, किसलेलं तवसं पाण्यासकट ५०० ग्रॅम, अर्ध्या नारळाचा चव, तीन मोठे चमचे तूप. तवसं सोलून उभं चिरा, मऊ गाभा आणि बिया काढा. किसण्याआधी देठाकडची चकती जिभेवर ठेवून बघा. ही पायरी कधीही गाळू नका. कडवटपणा देठाशी आणि सालीलगत जास्त असतो. खूप कडू निघालं तर ते टाकूनच द्या. गुळाने ती चव झाकत नाही आणि अतिकडू काकडी पोटालाही बाधते. जून तवसं मिळालं नाही तर मोठी, जाड काकडी घ्या, कोवळी नको.

रवा कचकचला कारण तो कच्चाच डब्यात गेला. तांदळाचा रवा गव्हाच्या रव्यासारखा चटकन मऊ होत नाही. तो तुपात मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. दुसरीकडे तवशाचा कीस, गूळ, मीठ आणि हळद उकळू द्या. गूळ विरघळला की रवा वैरा, सतत हलवा, खोबरं आणि वेलची घाला, झाकण ठेवून चांगली वाफ आणा. शिऱ्यापेक्षा सैल असतानाच आच बंद करा. एक दाणा चिमटीत दाबून बघा, मध्ये टणक लागला तर पाव वाटी गरम पाणी शिंपडून पुन्हा वाफ. वहीत ‘पाणी नको’ असलं तरी हे चालेल, कारण तुमच्या काकडीला वाशाखाली टांगलेलं तवसं काय ते माहीत नाही.

लाल डाग सोड्याचे. हळदीच्या कपड्याला साबण लागला की डाग लाल होतो ना, तसंच इथे झालं. धोंडस फुगवायचाच नसतो. तो दाट, ओलसर, सुरीला थोडा चिकटणारा असावा. सोडा पूर्ण वगळा.

डब्याला तूप लावा, तळाला हळदीचं पान, नसेल तर केळीचं. वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या चालू ठेवून १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं, वरची बाजू तपकिरी होऊन कडा सुटेपर्यंत. गरम कापू नका. मी तर रात्री करते आणि सकाळी कापते, वर लोण्याचा गोळा.

प्रश्न : वरचाच पदार्थ, पण ओव्हन नसेल तर?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तुमच्याकडे चूल असेल तर तुम्हीच आम्हाला शिकवा! करवंट्यांचे निखारे झाकणावर ठेवून आलेला धोंडस मी अजून विसरलेली नाही. गॅसवर जाड बुडाचा टोप तव्यावर ठेवा, आच बारीक. झाकण सपाट हवं. दुसरा लोखंडी तवा कडकडीत तापवून त्यावर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा तापवा. तासभर लागतो. जाड चिमटा किंवा कापड हाताशी ठेवा, आणि मुलांना त्या वेळी ओट्याजवळ येऊ देऊ नका.