पावणेचारचा मेसेज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पहाटे पावणेचारचा आहे. म्हणजे इंजेक्शनं देऊन झाली होती, पहाटेचा टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास मोजणं, सुरू व्हायचं होतं आणि तू लिननच्या कपाटाआड उभी राहून लिहीत होतीस. कपाटाचं तू सांगितलं नाहीस, पण वॉर्डात रडायला दुसरी जागा नसते. नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी मला त्याच वेळेला जाग येते. उठून घरातच एक राऊंड मारते. आमचे हे हसतात.

"सात नंबरच्या आजीनं चौथ्यांदा पाणी मागितलं आणि मी तिच्यावर ओरडले. ती घाबरून भिंतीकडं तोंड करून पडली. मॅडम, मी अशी नव्हते. दोन वर्षांत माझा दगड झाला," असं तू लिहिलंस.

दगड वगैरे राहू दे. आधी हिशेब करू. तूच दिलेले आकडे: खाटा 30, पेशंट 48, उरलेले जमिनीवर गाद्या टाकून. स्टाफ नर्स दोन. मावशी एकच, तीही अर्धा वेळ खाली कॅज्युअल्टीत. रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे एकीची 720 मिनिटं, दोघींची मिळून 1440. 48 नी भाग दे. एका माणसाच्या वाट्याला अख्ख्या रात्रीत तीस मिनिटं येतात. त्यातच आधीच्या पाळीकडून ओव्हर घेणं, सलाईन बदलणं, दोन वेळची औषधं, लॅबला सॅम्पल, औषध-सामानाचा इंडेंट, रिपोर्टची वही. शिवाय त्या रात्री तुमच्याकडे तीन ॲडमिशन आणि एक डेथ. आजीच्या वाट्याची तीस मिनिटं अकरा नंबरवाला जाताना घेऊन गेला.

हे सांगून तुला सूट देत नाही. ओरडलीस ते वाईटच केलंस, आणि तुला ते लागलं हे बरं झालं. पण निदान चुकलं तर औषधही चुकणार. स्वतःला पाषाणहृदयी ठरवून मोकळी झालीस की पुढं काही करायचं उरतच नाही. तुझ्या वॉर्डातलं काय बदलता येईल ते बघायचं आहे.

माझं एक सांगते. हे मी फार जणींना सांगितलेलं नाही. ट्रेनिंग संपवून पहिलीच पोस्टिंग एका ग्रामीण रुग्णालयात, लेबर रूमला. एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण होती. कळा वाढल्या तशी ओरडायला लागली, टेबलावरून उतरायला बघायला लागली. मी तिच्या मांडीवर चापट मारली. वर जे बोलले ते लिहीत नाही. लेबर रूममध्ये काय बोलतात ते तू ऐकलं आहेस. ती म्हणाली, "बाई, हात तरी धरा." मी नाही धरला. पलीकडच्या टेबलावर दुसरीच्या बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं, आणि बाई मी एकटी.

पुढं आमच्याकडे नव्या इन्चार्ज सिस्टर आल्या. त्यांनी आम्हाला सेवाभावावर भाषण दिलं नाही. दोन टेबलांमध्ये पडदा लावून घेतला आणि प्रत्येकीची आई, सासू, जाऊ, जी कोणी असेल तिला एप्रन देऊन उशाशी उभं केलं. डॉक्टर कुरकुरले, गर्दी होते म्हणाले. महिन्याभरात लेबर रूममधला आरडाओरडा निम्म्यावर आला, बायकांचाही आणि आमचाही. हात धरायला माणूस होतं. माझा स्वभाव काही महिन्याभरात पालटला नव्हता. केंद्र सरकारचा लेबर रूम सुधारण्याचा 'लक्ष्य' कार्यक्रम 2017 मध्ये आला आणि त्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, बाईशी आदरानं वागावं हे सगळं छापून आलं, तेव्हा मला त्या बाईंची आठवण झाली. त्यांनी पडद्याचं कापड स्टोअरमधून भांडून आणलं होतं.

आता तुझ्या आजीकडं येऊ. रात्री चार-चारदा पाणी मागणाऱ्या माणसाला बरेचदा नुसती तहान नसते. अंधारात कुणी आहे का, एवढंच ते चाचपत असतं. ते असो, पण पाण्याचंही बघ. तिची बाटली कुठं होती? लॉकरवर, डाव्या बाजूला, आणि सलाईन डाव्याच हाताला, असं असणार. दहाच्या राऊंडला मी चार गोष्टी बघायचे: बाटली उजव्या हाताला पोचते का, युरिन पॉट जवळ आहे का, चादर ओली आहे का, आणि कुस बदलायची आहे का. पेशंटमागं मिनीटसुद्धा लागत नाही. त्या राऊंडनं पुढच्या बारा हाका वाचतात. आणि निघताना सांगायचं, "आता मी बाराला येते." मग बाराला जायचं. एखाद्या दिवशी नाहीच जमलं तर सव्वाबाराला जाऊन उशीर झाला म्हणायचं. वेळ सांगितलेला माणूस झोपतो.

सुई टोचण्याआधी बोलायचं, कॅथेटर घालण्याआधी पडदा ओढायचा, पडदा नसेल तर मावशीला चादर धरून उभं करायचं. जाणाऱ्या माणसाच्या तोंडात नातेवाईकांना तुळशीचं पाणी घालायचं असेल तर घालू द्यायचं. नळी-मास्क आपण सांभाळायचा. वारल्यावर मंगळसूत्र, जोडवी काढताना सुनेला किंवा लेकीला शेजारी घ्यायचं. तिच्यासमोर काढायचं, तिच्यासमोर लिहायचं, तिची सही घ्यायची. यात माणुसकी आहे आणि उद्याच्या चोरीच्या आरोपापासून तुझी सुटकाही. आपल्या कामात या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच जागी सापडतात.

तू त्या आजीला सात नंबर म्हणालीस. आम्हीही म्हणायचो, ओव्हर देताना सोपं पडतं. वहीत नंबर लिही, तोंडानं नाव घे.

आता जे कुणी नर्सिंग स्कूलमध्ये नीट शिकवत नाही ते. दरवर्षी 12 मेला, परिचारिका दिनी, मेणबत्त्या लावून शपथ घेतात, पाहुणे 'सेवेच्या मूर्ती' म्हणतात, गुलाबाचं फूल देतात. मूर्तीला पगार, रजा, संडास काही लागत नाही, म्हणून मला तो शब्द आवडत नाही.

अरुणा शानबागचं नाव तुला माहीत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली स्टाफ नर्स. आपल्यातल्या बहुतेकींना तिची गोष्ट दुसऱ्या टोकाकडून माहीत असते: जवळजवळ 42 वर्षं ती वॉर्ड क्रमांक चारमध्ये पडून होती, नर्सच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला भरवलं, धुतलं, पुसलं, पाठीला बेडसोअर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयात तिच्या दयामरणाचा प्रश्न गेला, 2011 मध्ये निकाल लागला, तेव्हा केईएमच्या माणसांनी ती आम्हाला हवी आहे असं सांगितलं आणि न्यायालयानं त्यांचं ऐकलं. 18 मे 2015 ला ती गेली. हे मोठंच आहे. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ शाबूत ठेवणं म्हणजे काय, ते आपल्यालाच कळतं. पण तू पहिल्या टोकाकडूनही बघ. 27 नोव्हेंबर 1973. ड्युटी संपल्यावर ती कपडे बदलायला तळघरात गेली आणि तिथं रुग्णालयाच्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. कपडे बदलायला तळघरात. त्यानंतर मुंबईतल्या नर्स संपावर गेल्या, त्या तिच्या उपचारांसाठी आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठीही. पुढं 1980 च्या दशकात महापालिकेनं तिला हलवायचं ठरवलं तेव्हा पुन्हा याच बायका आडव्या आल्या. तिची शुश्रूषा करणाऱ्या आणि संप करणाऱ्या वेगळ्या नव्हत्या. सत्काराच्या भाषणात फक्त शुश्रूषा येते.

तुमच्याकडे चेंजिंग रूम आहे का? दाराला आतून कडी? बारा तासांत लघवीला कितीदा जातेस? माझ्या काळात आम्ही पाणीच पीत नसू, म्हणजे जावं लागणार नाही. त्याची फळं मी अजून भोगते आहे.

तेव्हा लिहायला लाग. स्टाफ कमी आहे हे चहाच्या वेळी सगळ्या बोलतात, वहीत कोणी लिहीत नाही. दर नाईटला रिपोर्टच्या शेवटी एक ओळ टाक: पेशंट किती, जमिनीवर किती, स्टाफ किती, मावशी कितीपासून कितीपर्यंत नव्हती, सक्शन मशीन बंद असेल तर कधीपासून. रागानं नाही, टीपीआरसारखं. 6 नोव्हेंबर 2021 ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली, 11 पेशंट गेले. नंतर अटक झालेल्यांत नर्सही होत्या. खरं-खोटं न्यायालय बघेल. मला त्यातून एवढंच दिसलं की, इमारत, वायरिंग, मनुष्यबळ यांचा विषय निघतो तेव्हा आपल्याला कोणी विचारत नाही, आणि गुन्हा दाखल होतो तेव्हा ड्युटी लिस्ट पहिल्यांदा मागवतात. तुझी वही तुझ्या बाजूनं बोलली पाहिजे.

पेशंटचा नातेवाईक अंगावर धावून आला तर तुमच्या वरच्या मॅडम म्हणतील, जाऊ दे, त्यांच्या घरचं माणूस गेलंय. एखाद्या वेळी जाऊही दे. शिवी आणि मारहाण यांतला फरक तुला कळतो. पण हात उचलला तर महाराष्ट्रात रुग्णालयातल्या माणसांवरच्या हिंसेविरुद्ध 2010 चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रार रुग्णालयानं करायची असते, तुला एकटीला चौकीत पाठवून नव्हे.

तुझी मैत्रीण खासगीत किती पगारावर राबते ते वाचून संताप आला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं लहानात लहान खासगी रुग्णालयातही महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी देऊ नये, असं सुचवलं होतं. 200 हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच. सुचवलं होतं, एवढंच. तिला म्हणावं, मूळ सर्टिफिकेटं मात्र कुणाच्या कपाटात ठेवू नकोस.

अजून एक, जरा अवघड. तू लिहिलंस ती तुला छळणारी इन्चार्ज. मीही तशी होते. पंधरा वर्षं ड्युटी लिस्ट माझ्या हातात होती. बंधपत्रावर काम करणाऱ्या मुलींना सलग नाईट लावताना मला काही वाटत नसे. आम्हीही केल्या, तुम्हीही करा. एकीच्या मुलाला ताप होता, मी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, नाकारली. ती दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आली, औषधं बरोबर दिली, आणि एका पेशंटवर खेकसली. मी तिला मेमो दिला. मेमो कुणाला द्यायला हवा होता, ते निवृत्तीनंतर कळलं.

म्हणून तुझ्या इन्चार्जला एकदा चहाच्या वेळी विचार, त्यांना शेवटची सुट्टी कधी मिळाली. उत्तर काय येतं ते मला सांग. आणि दहाचा राऊंड दोघींनी मिळून करायचा का, हेही त्यांच्याकडूनच वदवून घे. तुझी कल्पना म्हणून नेलीस तर बारगळेल. ओळखते मी आम्हा लोकांना.

आज तुझा नाईट ऑफ आहे ना? मोबाइल बंद करून झोप. उद्या आजीकडं जाशील तेव्हा माफी वगैरे मोठं प्रकरण करू नकोस, ती बिचारी संकोचेल. तेल मागून घे, वेणी घालून दे. चार-पाच मिनिटं लागतात.

तुझी,
सिस्टर

ता. क. हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस घेतलास का? पहिल्यापासून सहा महिन्यांनी असतो, आणि तो हटकून राहतो. सुई टोचलीच तर बोट पिळत बसू नकोस, साबण-पाण्यानं धू आणि लगेच कळव. पीईपी, म्हणजे एचआयव्ही टाळायची औषधं, दोन तासांत सुरू झालेली उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नसतो. आणि पायांत ते घट्ट मोजे घाल, म्हातारे दिसतात म्हणून लाजू नकोस. माझ्या शिरा फुगलेल्या पोटऱ्यांचा फोटो पाठवू का?