बांधावरचा बांबू आणि तोडीची परवानगी

प्रश्न : औसा तालुक्यात माझी चार एकर मुरमाड जमीन आहे. बांधावर बांबू लावल्यास पुढे तोडीसाठी वन विभागाकडे खेटे घालावे लागतील काय? बांधावरच्या दोन जुन्या चिंचा काढायच्या आहेत, त्यांचे काय?

उत्तर : बांबूबाबत निश्चिंत राहावे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये बांबूची गणना वृक्षात होत असे. २०१७ मधील दुरुस्तीने ती वगळल्यामुळे, वनक्षेत्राबाहेर स्वतःच्या शेतात लावलेला बांबू तोडण्यास वा वाहून नेण्यास त्या कायद्याखाली परवानगी लागत नाही. तरीही सातबाऱ्यावर लागवडीची नोंद करून घ्यावी, कारण विक्रीच्या वेळी कागदच बोलतो. मुरमाड जमिनीत माणवेल ही बांबूची जात तग धरते. मात्र पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी आणि शेळ्यांपासून राखण लागतेच, आणि हाती पैसा येण्यास साधारण चार-पाच वर्षे जातात. बांबूची मुळे व सावली शेजाऱ्याच्या पिकालाही भोवतात, म्हणून सामाईक बांधापासून अंतर सोडावे.

चिंचेचे तसे नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत सागवान, आंबा, मोह यांच्याबरोबर चिंचही आहे. त्यामुळे वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून कुऱ्हाड लावू नये. खरे तर, विचाराल तर, त्या राखाव्यात. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने एकतृतीयांश भूभाग वृक्षाच्छादित असावा असे म्हटले आहे, आणि मराठवाडा त्यापासून फार दूर आहे.