जुन्या बोटीचे इंजिन : इंधन आणि औषधांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पैठणला नाथसागरात मासेमारीसाठी आम्ही जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचे) इंजिन वापरतो. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर ते चालवावे का?

उत्तर : चालवता येईल, पण ते पेट्रोल साठवून ठेवू नये. ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओल शोषून घेते. ओल मर्यादेपलीकडे गेली की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, वंगणासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-स्ट्रोक ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. इंधन ओढणारी नळी तळाशी असल्याने इंजिनात वंगण नसलेले मिश्रण जाते आणि त्यातून पिस्टन जाम होण्याची वेळ येते. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला, तर ते इंजिनात मुळीच घालू नये. जुन्या रबरी नळ्या आणि हाताने दाबायचा पंप इथेनॉलने फुगून मऊ पडतात. बोटाला चिकट लागल्या तर इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात. पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपेल इतकेच आणावे.

प्रश्न : मोटारसायकलचे टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल चालेल का? थोडे जास्त घातले तर इंजिन सुरक्षित राहील ना?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ असे लिहिलेले, राख न सोडणारे ऑइल घ्यावे. प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेतलेच ठेवावे : पेट्रोल व ऑइल ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. ऑइल जास्त घातल्यास प्लग काळे पडतात, शिवाय तेवढे पेट्रोल कमी झाल्याने मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते. ही चूक फार जण काळजीपोटी करतात.

प्रश्न : माजलगाव धरणातली आमची डिझेल बोट उन्हाळ्यात पाणी आटल्यावर काठावर पडून असते. पुन्हा सुरू करताना फिल्टरमध्ये काळा, चिकट गाळ सापडतो. यावर कोणते औषध घालावे?

उत्तर : डिझेल आणि तळातले पाणी यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात; हा गाळ बहुधा त्यांचाच असतो. आधी तळातले पाणी काढून टाकी स्वच्छ करावी, फिल्टर बदलावा आणि मगच डिझेलसाठीचे जंतुनाशक डब्यावरील प्रमाणात घालावे. पाणी तसेच ठेवून औषध ओतल्यास मेलेला गाळ पुन्हा फिल्टरमध्येच अडकतो. बोट उभी करताना डिझेलची टाकी भरून ठेवावी, म्हणजे आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी कमी होते. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक कमी असले तरी वंगणक्षमता ठरलेल्या मानकानुसार राखलेली असते, त्यामुळे त्यात इंजिन ऑइल मिसळण्याची गरज नाही. रॉकेल तर कधीच मिसळू नये. त्याने इंधन पंप झिजतो.

प्रश्न : पेट्रोलचा ऑक्टेन (दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमता) वाढवणाऱ्या औषधाची बाटली घ्यावी का?

उत्तर : सिलिंडरमध्ये कमी दाब असलेल्या जुन्या इंजिनाला तिचा उपयोग नाही. त्या पैशांत पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा.